ढगांआडची आघाडी रडारला कशी दिसते?

युद्ध पेटलं की वाहिन्यांवर बाणांचे नकाशे सुरू होतात. अमुक सैन्य आज इतके किलोमीटर पुढे, तमुक मागे. पुण्यात तेवढ्या भांडवलावर टपरीवरच्या चहासोबत तासभर रणनीती शिजते. त्यात एक समज पक्का असतो: वर उपग्रह टांगलेला आहे, खाली रणगाडा हलला की त्याला दिसतोच.

मुळात हे उपग्रह टांगलेले नसतात. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने ते निघून जातात. युरोपचा एक सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह तीच जागा त्याच कोनातून पुन्हा पाहतो १२ दिवसांनी. खासगी उपग्रहांचे ताफे लवकर फेरी मारतात, पण हाती येतात ती सुटी चित्रंच. त्यात युक्रेनच्या हिवाळ्यात आभाळ ढगांनी भरलेलं, म्हणजे साधा कॅमेरा निकामी. रडारच्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी मात्र ढगांतून आरपार जातात, आणि रडार लहरी स्वतःच सोडत असल्याने रात्रीचाही प्रश्न नाही.

प्रश्न आहे तो लहर पसरण्याचा. तरंगलांबीला अँटेनाच्या लांबीने भागा आणि अंतराने गुणा, की जमिनीवर पडणाऱ्या झोताची रुंदी मिळते. सेंटिनेलची अँटेना १२.३ मीटर, जमिनीपर्यंतचं तिरपं अंतर साधारण ८५० किलोमीटर. उत्तर येतं पावणेचार किलोमीटरच्या आसपास. डेक्कनपासून स्वारगेटपर्यंत सगळं एकाच ठिपक्यात!

यातून वाट काढली ती १९५१ मध्ये कार्ल वायली या अमेरिकन अभियंत्याने. एखादी इमारत झोतात असते तो अर्धा सेकंद. तेवढ्यात उपग्रह जवळजवळ चार किलोमीटर सरकतो आणि शेकडो स्पंद सोडतो. प्रत्येक प्रतिध्वनीची तीव्रता आणि कला (लहर चढ-उताराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) दोन्ही नोंदवायच्या. पुढच्या वस्तूकडून परतणाऱ्या लहरीची वारंवारता किंचित चढी, मागे पडलेलीची किंचित उतरती; शाळेतला डॉप्लर परिणाम तो हाच. या नोंदी गणिताने जुळवल्या की चार किलोमीटर लांब अँटेना असल्यासारखं चित्र मिळतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेना २५ किलोमीटरवर पसरून एका दुर्बिणीचं काम करतात. इथे एकच अँटेना जागा बदलत बदलत ते काम करते. आणि मजा पुढेच आहे. वस्तू जितकी दूर, तितका जास्त वेळ ती झोतात राहते, म्हणून समीकरणातून अंतरच उडून जातं! चित्राची बारकाई उरते अँटेनाच्या लांबीच्या निम्मी, म्हणजे सहा मीटर. अँटेना आखूड तर चित्र आणखी बारीक. कितीही वेळा सोडवलं तरी मला या गणिताचा कंटाळा येत नाही.

रुंद पट्टा टिपायचा तर ही बारकाई २० मीटरपर्यंत घसरते, मग रणगाडा सुटा दिसत नाही. तरीही दोन फेऱ्यांमधली कला ताडून पाहता येते. पडलेल्या इमारतीपाशी ती जुळत नाही. गाझातल्या विध्वंसाचे नकाशे संशोधकांनी असेच काढले. मात्र न जुळण्याचं कारण नांगरणी किंवा पाऊसही असू शकतं. ग्रहांच्या युतीवरून शस्त्रसंधीची तारीख सांगणाऱ्यांना अशी अडचण कधीच येत नाही.

समुद्रावर आणखी गंमत. जहाज रडारच्या दिशेने सेकंदाला पाच मीटर येत असेल, तर त्याचा स्वतःचा डॉप्लर हिशेबात मिसळतो आणि ते खऱ्या जागेपासून साडेपाचशे मीटरवर उमटतं. मागची फेसाळ वाट एकीकडे, जहाज दुसरीकडे! त्या अंतरावरूनच मग त्याचा वेग काढतात. उडतं लढाऊ विमान या पद्धतीने पकडणं जवळपास अशक्य, चित्रात ते पुसट फराटा होऊन जातं. धावपट्टीशेजारी उभी असलेली मोजायची.

हवाई संरक्षणाचं मात्र वेगळं. पॅट्रियट क्षेपणास्त्रांचं रडार सेंटिनेलच्याच वारंवारता-पट्ट्यात चालतं. ते सुरू असेल तर चित्रात लख्ख आडवे पट्टे उमटतात, आणि पश्चिम आशियातल्या अशा तळांचा माग हौशी अभ्यासकांनी फुकट मिळणाऱ्या चित्रांतून घरबसल्या काढला आहे.