पानावरचा रंग कोणाचा?

१६१३ साली जर्मनीत एक पुस्तक निघालं आणि ते दोन वेगवेगळ्या किमतींना विकलं गेलं. आइकश्टेटच्या बिशपच्या बागेतल्या हजाराहून अधिक वनस्पती त्यात होत्या. न्यूरेंबर्गचा औषधविक्रेता बासिलिउस बेसलर याने ते सिद्ध केलं होतं. काळ्या शाईतली साधी प्रत ३५ गुल्डनला (गुल्डन म्हणजे तिथलं तेव्हाचं नाणं) आणि हाताने रंगवलेली प्रत ५०० गुल्डनला. पुढे बेसलरने न्यूरेंबर्गमध्ये चांगल्या वस्तीत घर घेतलं ते २५०० गुल्डनला, म्हणजे पाच रंगीत प्रतींच्या पैशांत. चित्रांचे ठसे दोन्हींत तेच, जास्तीचे पैसे मुख्यतः रंगाचे होते.

आज अशाच जुन्या पुस्तकांची सुटी पानं फ्रेममध्ये बसून दिवाणखान्यात येतात. घेणारा पान किती जुनं आहे ते विचारतो, फुलाचं नाव विचारतो. रंग कोणी आणि कधी भरला, हे विचारणारे फार थोडे. माझ्या मते या छंदातला पहिला प्रश्न तोच असायला हवा.

आधी ठसा कसा निघायचा ते पाहू. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर कोरणीने चित्र उलटं कोरायचं. शाई चोपडून पत्रा पुसून घेतला की ती फक्त कोरलेल्या रेषांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला की कागद त्या रेषांतली शाई उचलतो. दाब एवढा असतो की पत्र्याच्या कडेची खोलगट रेघ कागदावर कायमची उमटते. तांबं मऊ, त्यामुळे शेकडो ठशांनंतर रेषा झिजत जातात आणि सुरुवातीच्या प्रतींमधला तजेला नंतरच्या प्रतींत राहत नाही.

यात रंग कुठेच नाही. तो भरायचा वेगळ्या हातांनी. एक पान नमुना म्हणून आधी नीट रंगवून समोर ठेवायचं आणि त्याबरहुकूम बाकीची पानं डिंक घातलेल्या जलरंगांत भरायची. हे काम बहुधा ओळीने चाले: एकाने पानांचा हिरवा द्यायचा, दुसऱ्याने पाकळ्यांचा. इंग्लंडमधल्या कारखान्यांत या कामावर बायका असत, मुलंही असत. कोरणाऱ्याचं नाव ठशाखाली बारीक अक्षरात येई, चित्रकाराचंही येई. रंग भरणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसे.

हे सगळं एकट्याने केलेली एक बाई होती, एलिझाबेथ ब्लॅकवेल. तिचा नवरा अलेक्झांडर कर्जापायी लंडनच्या तुरुंगात पडला होता. औषधी वनस्पतींच्या चांगल्या सचित्र पुस्तकाची तेव्हा गरज आहे, हे तिच्या कानावर आलं. ती चेल्सीच्या औषधी बागेशेजारी राहायला गेली. तिथल्या वनस्पती स्वतः रेखाटल्या, तांब्यावर स्वतः कोरल्या आणि ठशांत रंगही स्वतः भरले. चित्रं तुरुंगात नेऊन नवऱ्याकडून वनस्पतींची वेगवेगळ्या भाषांतली नावं लिहून घेतली. १७३७ ते १७३९ या काळात आठवड्याला चार अशी ५०० चित्रं निघाली आणि त्या पैशांतून नवरा सुटला. पुढे तो स्वीडनला गेला, तिथल्या राजकारणात अडकला आणि १७४७ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. तिच्या पुस्तकाची न्यूरेंबर्गमध्ये नव्याने कोरलेली आवृत्ती निघाली. ती जास्त घोटीव आहे. बाजारात ‘ब्लॅकवेल’ म्हणून येणारी कित्येक पानं या जर्मन आवृत्तीतली असतात. ती सुंदर आहेत, पण त्या रेषा आणि तो रंग एलिझाबेथच्या हातचा नाही.

घरात लावायला सहज मिळतात ती पानं मात्र बहुतेकदा विल्यम कर्टिसच्या मासिकातली. लंडनच्या परिसरातल्या रानझाडांवर त्याने आधी एक मोठा ग्रंथ काढला होता. त्याचं कौतुक झालं, पैसे मात्र सुटले नाहीत. लोकांना रानातलं गवत नको होतं, बागेत लावायला परदेशी फुलं हवी होती. तेव्हा फेब्रुवारी १७८७ मध्ये त्याने ‘बोटॅनिकल मॅगझिन’ सुरू केलं. महिन्याला तीन रंगीत चित्रं, किंमत एक शिलिंग. पहिलं चित्र इराणी आयरिसचं. खप तीन हजारांच्या घरात गेला, म्हणजे महिन्याला नऊ हजारांच्या आसपास पानं हाताने रंगवायची. सुमारे तीस माणसं या कामाला होती. १८४५च्या सुमारास तांब्याची जागा शिळाछापाने घेतली, हातरंग मात्र चालूच राहिला. तो थांबला १९४८ मध्ये, रंगवणारे मिळेनात म्हणून. भारत स्वतंत्र झाला तेव्हाही तिकडे कोणी तरी ब्रशने पाकळ्या भरत बसलं होतं, हे मला फार हृद्य वाटतं. या मासिकासाठी १८७८ पासून चार दशकांहून अधिक काळ चित्रं काढणारी माटिल्डा स्मिथ मुंबईत जन्मली होती. तिची २३०० हून अधिक चित्रं त्यात आहेत.

फ्रान्समध्ये रदुते या फुलांच्या चित्रकाराच्या गुलाबांची तऱ्हा वेगळी. तिथे पत्रा रेषांऐवजी बारीक ठिपक्यांनी कोरला जाई, एकाच पत्र्यावर अनेक रंगांच्या शाया लावून ठसा काढला जाई आणि शेवटचा हात ब्रशने फिरवला जाई. म्हणून त्या पाकळ्यांना काळी रेघ नसते.

आता आपल्याकडे येऊ. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड करवले. ‘हॉर्टस मलबारिकस’ नावाने ते १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापले गेले. त्यांत ७४२ वनस्पती आहेत. माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. या तिघांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. तारीख २० एप्रिल १६७५. चित्रांवरही वनस्पतींची नावं इतर लिप्यांबरोबर नागरीत कोरलेली आहेत. ॲमस्टरडॅमच्या ठशावर आपली अक्षरं पाहताना अंगावर काटा येतो. रेडे १६९१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात, सुरतेला जाताना जहाजावरच वारला. त्याची कबर सुरतेत आहे.

या पुस्तकाची चित्रं छापली गेली ती बिनरंगाची. तरी बाजारात त्यांतली रंगीत पानं भरपूर दिसतात. तो रंग बहुतेकदा पुस्तक फोडल्यावर, फ्रेमच्या गिऱ्हाइकासाठी चढवलेला असतो. तसं सांगून विकलं तर त्यात गैर नाही. न सांगता विकलं तर ती फसवणूक आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. १७९५ पासून लंडनमध्ये निघालेल्या तीन खंडांत ३०० चित्रं आहेत आणि रंगीत प्रतींमधला रंग त्याच काळातला. मूळ चित्रं भारतीय चितारांनी काढलेली. आपला पळस त्यात आहे, काजराही आहे. चितारांची नावं पुस्तकात नाहीत. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेतही १८४७ ते १८५० या काळात अलेक्झांडर गिब्सनने दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रं काढून घेतली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच ठाऊक आहे. ती चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत.

सुटं पान म्हणजे फुटलेलं पुस्तक, हे विसरता येत नाही. विसाव्या शतकात सजावटीची मागणी वाढली तशी धडधाकट पुस्तकं उसवली गेली. पूर्वीच सुटी झालेली पानं घ्यायला माझी हरकत नाही. पण ‘अख्खा खंड आहे, हवं ते पान कापून देतो’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये.

पान हातात आलं की भिंग घ्या. रंग ठिपक्यांच्या जाळीत फुटला तर ते अलीकडचं यंत्रछाप पुनर्मुद्रण. (रदुतेचे ठिपके कोरलेले, त्यांना अशी सरळ जाळी नसते.) हातरंग रेषेबाहेर थोडा सांडतो, कडेला गडद साचतो. जुना हिरवा कधी कधी कागदात मुरून मागच्या बाजूने तपकिरी दिसतो. मागे डाग नाही, रंग मात्र झळझळीत, असं असेल तर विक्रेत्याला थेट विचारावं. इंग्रजी ठशांखाली प्रकाशकाचं नाव आणि तारीख सापडते, कारण १७३५ च्या कायद्याने कोरीव चित्रांना हक्कांचं संरक्षण दिलं ते या अटीवर. कर्टिसच्या पानांवरच्या घड्या दोष नव्हेत. मोठं चित्र छोट्या मासिकात बसवायला त्या घातलेल्या असत.

आपल्या हवेत खरा शत्रू दमटपणा. आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) वापरावं, काच कागदाला टेकू देऊ नये, पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नये आणि कसर लागली नाही ना, हे दिवाळीच्या साफसफाईत मागून उघडून पाहावं. ऊन तर अजिबात नको, गुलाबी रंग आधी उडतो. आणि फ्रेमच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावं: पुस्तकाचं नाव, वर्ष, चित्राचा क्रमांक, कोरणाऱ्याचं नाव, आणि रंग त्याच काळातला की नंतरचा.