रोमदर्शन

रोमदर्शन : इटलीच्या राजधानीतील प्राचीन वास्तू, मंदिरांचे अवशेष, चर्च आणि कारंजी हिंडून पाहण्याची प्रथा. परंपरेनुसार रोमची स्थापना इ. स. पू. ७५३ मध्ये २१ एप्रिलला झाली, आणि तो दिवस शहराचा वाढदिवस म्हणून आजही साजरा होतो. शहराच्या ऐतिहासिक भागाचा जागतिक वारसा यादीत समावेश १९८० मध्ये झाला. कोलोसियम, फोरम, पँथिऑन आणि त्रेवीचे कारंजे ही ठळक ठिकाणे एका दिवसात पायी उरकता येतात, आणि पुष्कळजण ती तशी उरकतातही. मात्र हे शहर जितके आडवे पसरले आहे तितकेच खाली उतरले आहे, आणि खालचे रोम घाईत दिसत नाही.

प्रथा जुनी आहे. बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी रोमच्या नवलांचे वर्णन करणारी लॅटिन मार्गदर्शिका तयार झाली होती. तिच्यात माहितीइतक्याच दंतकथाही होत्या. इ. स. १३०० हे पोपने पहिले पवित्र वर्ष म्हणून जाहीर केले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील श्रीमंत घरांतले तरुण शिक्षणाचा भाग म्हणून इथे येऊ लागले.

कोलोसियम : नीरोच्या प्रासादातील तळ्याच्या जागी सम्राट व्हेस्पेशनने या रंगमंडलाचे काम सुरू केले, त्याचा मुलगा टायटस याने इ. स. ८० मध्ये त्याचे उद्घाटन केले. लंबवर्तुळाची लांबी सुमारे १८९ मी., रुंदी १५६ मी. आणि बाहेरच्या भिंतीची उंची ४८ मी. आहे. तळमजल्याच्या ८० कमानींपैकी ७६ सामान्य प्रेक्षकांसाठी होत्या आणि त्यांवर क्रमांक कोरले होते. उत्तरेकडच्या शाबूत भिंतीवर २३ ते ५४ हे रोमन आकडे मान वर केली तर अजून वाचता येतात. आजच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते. म्हणजे गर्दी आवरण्याची युक्ती बदलली, गर्दी तीच. भिंतीवरची असंख्य भोके पाहून गोळीबाराचा संशय येतो. प्रत्यक्षात दगड एकमेकांना जखडणारे लोखंडी चिमटे मध्ययुगात लोकांनी उपसून नेले, त्यांची ती भोके आहेत. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाजू ढासळली आणि तिथला दगड इतर बांधकामांना गेला.

शेजारचे फोरम व पॅलेटाइन टेकडी त्याच तिकिटात पाहता येतात. फोरम हा एकेकाळी साम्राज्याचा मुख्य चौक होता. पुढे तो मातीने इतका भरला की तिथे गुरे चरत आणि लोक त्याला ‘गायरान’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. याचा उत्तम पुरावा सम्राट अँटोनायनस व त्याची पत्नी फाउस्टिना यांच्या मंदिरात दिसतो. मंदिराच्या खांबांआड चर्च आहे आणि त्याचे दार पायऱ्यांच्या कितीतरी वर, भिंतीत अधांतरी लटकते. ते बसवले तेव्हा जमीन तिथवर आलेली होती. उत्खननाने ती पुन्हा खाली नेली.

सान क्लेमेंते : कोलोसियमपासून काही मिनिटांवर असलेल्या या चर्चकडे बहुतेकांची पाठ असते, हे दुर्दैव. रस्त्याच्या पातळीवर बाराव्या शतकातील चर्च आहे. जिन्याने खाली उतरले की चौथ्या शतकातील चर्च लागते. ते भराव घालून बुजवले आणि त्यावरच वरचे उभारले गेले. त्याच्या भिंतीवरील अकराव्या शतकातील एका चित्रात खांब ओढणाऱ्या नोकरांना धनी लोकभाषेत सणसणीत शिवी हासडतो. ती शिवी इटालियन भाषेच्या आरंभीच्या लिखित नमुन्यांत मोजली जाते. आणखी एक जिना उतरला की पहिल्या शतकातील इमारती, अरुंद गल्ली आणि मिथ्र देवाचे मंदिर येते. हवा दमट आणि गार असते, आणि भिंतीपलीकडे वाहत्या पाण्याचा आवाज येतो. जोसेफ मुलुली या आयरिश धर्मगुरूने १८५७ मध्ये हे उत्खनन सुरू केले.

पँथिऑन : दर्शनी पट्टीवर ‘मार्कस अग्रिपाने बांधले’ असे ठसठशीत कोरलेले असले (अग्रिपा हा सम्राट ऑगस्टसचा सेनापती) तरी या मंदिराची सध्याची वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळची, सुमारे इ. स. १२६ ची आहे. घुमटाचा व्यास ४३.३ मी. असून जमिनीपासूनची उंचीही तेवढीच आहे. लोखंडी सळ्यांविना उभा असलेला काँक्रीटचा जगातील हा सर्वांत मोठा घुमट होय. वर जाताना काँक्रीटमध्ये हलका ज्वालामुखी दगड वापरून त्याचे वजन कमी केले आहे. माथ्यावरचे गोल भोक उघडे आहे. त्यातून पाऊस आत येत नाही ही बतावणी आहे; पाऊस येतो, आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. ६०९ मध्ये चर्च झाल्यामुळे ही वास्तू लुटीतून बरीचशी बचावली. चित्रकार राफाएलची कबर इथेच आहे. जुलै २०२३ पासून पर्यटकांना प्रवेशशुल्क पडते.

याच अग्रिपाने इ. स. पू. १९ मध्ये ‘अक्वा व्हिर्गो’ हा कालवा शहरात आणला. १७६२ मध्ये पूर्ण झालेले त्रेवीचे कारंजे त्याच कालव्याच्या पुढे दुरुस्त केलेल्या रूपावर चालते. पाठमोरे उभे राहून त्यात नाणे टाकले की रोमला पुन्हा येणे होते, असा समज आहे. जमलेली नाणी गोरगरिबांच्या मदतीसाठी जातात. पिण्यासाठी मात्र रस्त्यांवरचे ‘नासोनी’, म्हणजे मोठ्या नाकाचे नळ, शोधावेत. १८७४ पासून ते शहराची तहान भागवत आहेत.

भूमिगत रेल्वेच्या ‘सी’ मार्गाचे काम खाली सापडणाऱ्या अवशेषांमुळे वर्षानुवर्षे रखडले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सान जोव्हान्नी स्थानकात उत्खननातल्या वस्तू मांडल्या असून, खाली उतरताना कोणत्या खोलीवर कोणता काळ होता ते भिंतींवर लिहिले आहे. रोजचे प्रवासी त्याकडे न पाहता गाडी पकडायला धावतात.