दहा वर्षांनी आपण कोण असू हे माहीत नसताना करिअर कसं ठरवायचं

दहा वर्षांपूर्वीचे तुम्ही जरा आठवून बघा. तेव्हा काय आवडायचं, कोण जवळचं वाटायचं, कशाची भीती वाटायची. बऱ्याच जणांना त्या माणसाचं आता नवल वाटतं, इतकं काय काय बदललेलं असतं. आता दहा वर्षांनंतरचे तुम्ही डोळ्यांपुढे आणा. बहुतेकांना तिथे आजचाच माणूस दिसतो, फार तर केस जरा पांढरे झालेले आणि पगार जरा वाढलेला.

जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या तीन मानसशास्त्रज्ञांनी 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं. 18 ते 68 वयाच्या 19,000 पेक्षा जास्त लोकांचा त्यांनी अभ्यास केला, काहींना विचारलं की गेल्या दहा वर्षांत तुमचा स्वभाव, मूल्यं, आवडीनिवडी किती बदलल्या आणि काहींना विचारलं की पुढच्या दहा वर्षांत किती बदलतील. उत्तरं काय आली तर 28 वर्षांचे लोक म्हणतात आता फारसं काही बदलणार नाही आणि 38 वर्षांचे म्हणतात गेल्या दहा वर्षांत केवढा बदललो मी! वय वाढतं तसा बदलाचा वेग कमी होतो हे खरंय, पण जवळजवळ प्रत्येक वयाचे लोक पुढच्या बदलाचा अंदाज कमीच धरतात. या संशोधकांनी त्याला नाव दिलं इतिहास संपल्याचा भ्रम, म्हणजे माझं घडायचं ते घडून झालं, आता मी हा असा, अशी आपली प्रामाणिक समजूत.

हा अभ्यास करिअरवरचा नाहीये. तरी करिअरचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हाच सांगतो, कारण 17-18 व्या वर्षी आपण जे ठरवतो ते खरं तर 35 वर्षांच्या एका माणसासाठी ठरवत असतो, ज्याला आपण अजून भेटलेलो नाही. आणि तो आपल्यासारखाच असेल असं धरून चालतो.

करिअर निवडायची जी पद्धत आपल्या डोक्यात पक्की बसलीये तिला शंभराहून जास्त वर्षं झालीत. अमेरिकेत बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी 1908 साली तरुणांना व्यवसायाचा सल्ला देणारं केंद्र काढलं, 1909 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचं पुस्तक आलं, आणि त्यातला विचार अगदी साधा होता : आधी स्वतःला ओळखा, मग कामं ओळखा, मग दोन्हींची जोडी जुळवा. त्या काळी हे फार मोठं पाऊल होतं, मिळेल त्या कामाला जुंपून घेणाऱ्या मुलामुलींना कोणीतरी पहिल्यांदा समोर बसवून विचारत होतं की तुला काय जमतं. पुढे 1959 मध्ये जॉन हॉलंड यांनी आपला सिद्धांत मांडला, त्यातून माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार ही मांडणी पुढे आली आणि आजच्या कितीतरी करिअर टेस्ट तिच्यावरच उभ्या आहेत.

आता या टेस्ट निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. ज्या कामांची नावंही आपण ऐकलेली नसतात ती त्यातून कळतात, हा फायदा खराच आहे. पण आवड जुळली की समाधान मिळणारच हे गृहीत धरतो ना आपण, ते आकड्यांत तपासलं तर नातं अगदी बारीक निघतं. बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करून बघितले तेव्हा आवडीची जुळणी आणि नोकरीतलं समाधान यांचा सहसंबंध 0.2 च्या आसपास आला, 1 म्हणजे अगदी घट्ट नातं असं धरलं तर. गणिताच्या भाषेत, समाधानातल्या फरकाचा जेमतेम 4 टक्के भाग आवडीच्या जुळणीशी जोडता येतो. बाकीचं सगळं दुसरीकडे कुठेतरी आहे.

त्याआधी एक गोष्ट. आपण कशाने किती सुखी होऊ याचा अंदाजही आपला कच्चाच असतो. गिल्बर्ट आणि विल्सन यांच्या गटाने 1998 मध्ये विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकांना विचारलं की नोकरी कायम झाली तर पुढची काही वर्षं किती सुखात जातील आणि नाही झाली तर किती दुःखात. त्यांना वाटत होतं की दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक असेल. पण ज्यांचा निकाल काही वर्षांपूर्वी लागून गेला होता त्यांना विचारलं तर कायम झालेले आणि न झालेले यांच्या सुखात फारसा फरकच नव्हता. मन सावरतं, वाईटातून बाहेर येतं आणि चांगल्याचीही सवय करून घेतं, फक्त आपण हे करू शकतो हे आपल्याला आधी कळत नाही. ज्यांचं एखादं ॲडमिशन किंवा नोकरी नुकतीच हुकलीये त्यांना हे आत्ता पटणार नाही, तरी लक्षात असू द्या.

आता पॅशनकडे येतो. 'तुझं पॅशन शोध' हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण मला तो घातक वाटतो आणि का ते सांगतो. पॉल ओ'कीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन यांनी 2018 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक मस्त व्हिडिओ दाखवला, सगळे खूश, सगळ्यांना विषय आवडला. मग त्याच विषयावरचा एक अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. ज्यांची समजूत होती की आवड ही आत तयारच असते, फक्त सापडायची बाकी असते, त्यांचा उत्साह धाडकन खाली आला, आणि ज्यांना वाटत होतं की आवड हळूहळू वाढवावी लागते त्यांचा तेवढा नाही आला. कारण उघड आहे. खरं पॅशन सापडल्यावर सगळं सोपं जाईल असं मनात असलं की पहिला अवघड धडा आला की माणूस म्हणतो, हे आपलं नव्हेच, आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. असं करत करत पाच विषयांच्या पहिल्याच पायरीवरून परत फिरलेली हुशार मुलं मी पाहिलीत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण कमी पडली ती बुद्धी नव्हती, समजूत चुकीची होती.

मग तो बाकीचा 96 टक्के भाग कुठे आहे? सगळा सापडलाय असं कोणी म्हणू शकत नाही, पण त्यातला बराचसा कामाच्या नावात नसून कामाच्या रोजच्या घडणीत आहे. 1970 च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी विचारायचा प्रश्नच बदलला, माणूस कसा आहे हे बाजूला ठेवून काम कसं बांधलंय ते बघायचं ठरवलं. त्यात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून पूर्ण होते का, तिचा कोणाला उपयोग होतो का, कसं करायचं ते आपण ठरवू शकतो का, आणि बरं झालं की वाईट हे कामातूनच कळतं का. हे पाच प्रश्न मला कुठल्याही टेस्टपेक्षा जास्त मोलाचे वाटतात, कारण ते कोणत्याही कामाला लावता येतात आणि उत्तरं मिळवायला स्वतःच्या अंतरंगात डोकावत बसावं लागत नाही, तिथे काम करणाऱ्याला विचारलं तरी कळतात.

यातला चौथा प्रश्न, म्हणजे आपल्या हातात किती आहे, तो तर थेट तब्येतीपर्यंत जातो. ब्रिटनमध्ये 1985 साली व्हाइटहॉल 2 नावाचा अभ्यास सुरू झाला, लंडनमधल्या 10,308 सरकारी कर्मचाऱ्यांचा. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात दिसलं की ज्यांच्या कामावर त्यांचा स्वतःचा ताबा कमी होता त्यांच्यात हृदयविकार जास्त होता. आपण समजतो की टेन्शन काय ते वरच्या साहेबाला, निर्णय त्याला घ्यायचे असतात, जबाबदारी त्याची. आकडे उलट सांगत होते, खालच्या पायरीवरच्यांचं हृदय जास्त धोक्यात होतं. यात पगार, राहणीमान, सिगरेट असं बरंच काही मिसळलेलं असतं त्यामुळे सगळा दोष एकट्या ताब्याच्या अभावावर टाकता येत नाही, तरी एवढं नक्की की नोकरी बघताना पगार आणि पोस्ट विचारणारे आपण, 'माझा दिवस मी किती ठरवू शकेन' हे विचारतच नाही.

आणि तिसरा प्रश्न, उपयोग कोणाला. ॲडम ग्रँट यांनी 2007 मध्ये एका विद्यापीठाच्या कॉल सेंटरमध्ये प्रयोग केला, तिथले लोक माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागायचे, दिवसभर नकार ऐकायचे. त्यातल्या काहींना एका स्कॉलरशिप मिळालेल्या विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटं बोलायला दिलं, याच देणग्यांतून ज्याचं शिक्षण चालू होतं अशा. महिनाभरानंतर हे लोक फोनवर आधीच्या दुपटीहून जास्त वेळ काम करत होते आणि देणग्याही दुपटीहून जास्त आणत होते. कामात तसूभरही बदल झाला नव्हता, फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते दिसलं.

एमी रेझ्नेस्की यांचं काम याच वाटेवरचं आहे. 1997 मध्ये त्यांनी दाखवलं की लोक आपल्या कामाकडे तीन तऱ्हांनी बघतात, पोटापाण्याचं साधन, वर चढायची शिडी, किंवा ज्यासाठी आपण आहोत असं वाटावं ते काम. आणि गंमत अशी की एकाच पदावर ऑफिसमध्ये सहायक म्हणून काम करणाऱ्या 24 जणांमध्येही हे तीन गट साधारण सारखेच निघाले. पुढे जेन डटन यांच्यासोबत त्यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांबद्दल लिहिलं. काही जण नेमून दिलेलं काम करून मोकळे व्हायचे, आणि काही जण पेशंटशी बोलायचे, नातेवाइकांना वाट दाखवायचे, नर्सच्या कामात अडथळा येऊ नये अशी आपली वेळ बसवायचे, पेशंटच्या बरं होण्यात आपला हात आहे असं मानायचे. दोघांची पोस्ट एकच.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायचीये. याचा अर्थ कसलीही नोकरी असली तरी नजर बदला आणि गप्प बसा असा अजिबात नाही. जिथे अपमान होतो, पैसे बुडवले जातात, झोप उडते, तिथे नजर बदलून काही होत नाही, जागाच बदलावी लागते.

मग नियोजन करायचं तरी कसं, जर स्वतःचा अंदाज चुकतो, आवड नंतर वाढते आणि काम आतून कसं आहे ते बाहेरून दिसत नाही? गिल्बर्ट यांनीच 2009 मध्ये एक उपाय तपासला. मुलींना विचारलं की एका मुलाबरोबरची पाच मिनिटांची भेट तुला किती आवडेल. काहींना त्या मुलाची माहिती आणि फोटो दिला, काहींना फक्त एवढंच सांगितलं की आधी भेटलेल्या एका अनोळखी मुलीला ती भेट किती आवडली. दुसऱ्या गटाच्या अंदाजातली चूक पहिल्या गटापेक्षा सुमारे निम्मी होती! तरीही पुढची भेट आवडेल की नाही हे ओळखायला काय हवं असं विचारल्यावर बहुतेकींनी माहितीच मागितली. करिअरचंही अगदी असंच, आपण कोर्सची माहितीपत्रकं, पॅकेजचे आकडे, व्हिडिओ गोळा करतो आणि ते काम आज करणाऱ्या माणसाला विचारायचं राहून जातं. विचारलं तरी 'कसं आहे हे फील्ड' असं विचारतो, ज्याचं उत्तर 'चांगलंय' एवढंच येतं. त्यापेक्षा गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत ते सांगा म्हणायचं. किती तास मीटिंग, किती तास एकटं, कोण ओरडलं, कशात वेळ कसा गेला कळलं नाही.

दुसरं म्हणजे थोडं थोडं करून बघणं, दोन दिवस कोणाच्या मागे फिरणं, सुट्टीतलं छोटं काम, एखादा प्रोजेक्ट. यावर घरचे हमखास म्हणतात की धरसोड नको. पण 2021 मध्ये दाशुन वांग आणि सहकाऱ्यांनी चित्रकार, चित्रपट दिग्दर्शक आणि शास्त्रज्ञ यांच्या कारकिर्दी तपासल्या, त्यांचा सगळ्यात बहराचा काळ कधी आला ते बघितलं. बहराच्या आधी बऱ्याचदा वेगवेगळं करून बघण्याचा काळ होता आणि बहर सुरू होताना त्यातलं एक धरून खोल जाणं होतं. नुसतं भटकणं कामाचं नाही आणि पहिल्या दिवसापासून एकच धरणंही नाही, हा क्रम महत्त्वाचा दिसतो. ज्यांच्या घरी पैशांची ओढाताण आहे त्यांना हे करून बघणं परवडत नाही हेही तितकंच खरं, आणि म्हणूनच शाळा-कॉलेजांनी ही सोय करून द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आणि नोकरी सोडू की नको यावर वर्षभर अडकलेले जे असतात त्यांच्यासाठी, अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी एक वेबसाइट काढली होती, मोठ्या निर्णयावर अडलेल्या लोकांनी यायचं आणि नाणं उडवायचं. 20,000 च्या वर नाणी उडाली. मोठ्या निर्णयांत नाण्याने 'बदल कर' सांगितल्यामुळे ज्यांनी खरंच बदल केला ते सहा महिन्यांनी जास्त सुखी निघाले. ही माणसं आधीच काठावर होती, मजेत काम करणाऱ्याने उठून राजीनामा द्यावा असं यातून निघत नाही. पण काठावर असताना आपण बहुधा गरजेपेक्षा जास्त वेळ तिथेच उभे राहतो.

मी स्वतः एक वही ठेवतो, रोज संध्याकाळी दोन ओळी : आज कशात रमलो, कशात जीव नको झाला. आठवणीवर विसंबून चालत नाही कारण आठवण शेवटचे आणि सगळ्यात तीव्र क्षण धरून ठेवते आणि मधले साधे दिवस पुसून टाकते, काम मात्र त्या मधल्या दिवसांचंच बनलेलं असतं. तीन महिन्यांच्या नोंदी एकदम वाचल्या तेव्हा कळलं की ज्या कामासाठी मी ही लाइन निवडली होती त्याचा उल्लेख दोनदाच आला होता, आणि नवीन मुलांना काहीतरी समजावून सांगितल्याचा जवळजवळ दर आठवड्याला.