गोपनीय अभिप्राय : कोकणातील विद्यापीठीय कर्मचारी-मूल्यमापन

विद्यापीठातील शिक्षक, संशोधक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांच्या वर्षभराच्या कामाचे मोजमाप होत असताना सहकाऱ्यांनी, हाताखालच्या माणसांनी, विद्यार्थ्यांनी किंवा बाहेरच्या संबंधितांनी, आपले नाव पुढे येणार नाही या भरवशावर, एखाद्या कर्मचाऱ्याविषयी दिलेले मत म्हणजे गोपनीय अभिप्राय. वार्षिक गोपनीय अहवाल, कचेरीच्या बोलीत ‘सीआर’, ही याहून निराळी गोष्ट. सीआर वरिष्ठ लिहितो, खाली सही करतो आणि त्याला जबाबदार राहतो. अभिप्रायाला बहुधा सही नसते, पुष्कळदा कागदही नसतो. चहाच्या टपरीवर किंवा साहेबांच्या केबिनचे दार लोटून घेऊन तो दिला जातो. असा अभिप्राय सीआरमध्ये कसा उतरावा आणि उतरूच नये तर कधी, हा या नोंदीचा विषय.

कोकण किनाऱ्यावर या प्रश्नाला वेगळे वळण मिळते ते कार्यालयांच्या आकारामुळे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १८ मे १९७२) मुख्यालयाच्या आवारात मावत नाही. वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र, रत्नागिरीला लागून भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र, कर्जतचे भात संशोधन केंद्र, पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र, देवगड तालुक्यातील रामेश्वरचे आंबा संशोधन उपकेंद्र, रत्नागिरीत शिरगावचे मत्स्य महाविद्यालय असा त्याचा पसारा आहे. कर्जत, भाट्ये आणि वेंगुर्ले ही केंद्रे तर विद्यापीठाहून जुनी. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांची बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत आणि त्यांच्या वेतन-अनुदानाचा कारभार पनवेलच्या विभागीय सहसंचालक कार्यालयातून चालतो. कायदेही वेगवेगळे : कृषी विद्यापीठाला १९८३ चा, मुंबई विद्यापीठाला २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा. सीआरची पद्धत मात्र थोड्याफार फरकाने राज्य शासनाच्या वळणाची.

त्या पद्धतीत वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे धरतात. कर्मचारी आधी स्वयंमूल्यमापन लिहून देतो. प्रतिवेदन अधिकारी, म्हणजे अहवाल लिहिणारा वरिष्ठ, त्यावर शेरे आणि प्रतवारी देतो, त्याच्या वरचा पुनर्विलोकन अधिकारी ती तपासतो आणि शेवटी अहवाल नेमून दिलेल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जपून ठेवला जातो. प्रतिवेदन अधिकाऱ्याने त्या माणसाचे काम निदान तीन महिने पाहिलेले असावे, अशी अपेक्षा असते. आंबा-काजूच्या केंद्रांवर स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म नेमका हंगामाच्या ऐन तोंडावर येतो. तो घाईत, गेल्या वर्षीचा समोर ठेवून भरला जातो आणि मग वरिष्ठाला इतरांच्या सांगण्यावर जास्त विसंबावे लागते. केंद्रप्रमुखाचा अहवाल लिहिणारा वरिष्ठ मुख्यालयात असेल, तर तो वर्षातून मोजक्या वेळाच केंद्रावर येतो. उरलेले चित्र त्याला कानावर आलेल्या गोष्टींतून जुळवावे लागते. अभिप्रायाला महत्त्व येते ते इथे.

एके काळी गोपनीयता ही कर्मचाऱ्यापासूनच राखायची होती. प्रतिकूल शेरा असेल तेवढा कळवायचा, बाकी अहवाल कुलूपबंद. ‘ब अधिक’, म्हणजे ‘निश्चित चांगला’, असे कुणाच्या नावापुढे पडले तर ते प्रतिकूल नव्हे म्हणून कळवलेही जात नसे. पदोन्नतीच्या बैठकीत मात्र ती प्रतवारी कमी पडे. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार १२ मे २००८ रोजी देव दत्त विरुद्ध भारत सरकार या निकालात मोडीत काढला. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ या एका वर्षी ‘चांगला’ अशी नोंद मिळाली होती. बढतीसाठी ‘अतिउत्तम’ लागत होते. नोंद चांगली असूनही तिनेच बढती अडवली आणि ती त्याला कळवलीही नव्हती. नोंद बरी असो, वाईट असो की उत्कृष्ट असो, ती कळवलीच पाहिजे आणि तिच्याविरुद्ध अभिवेदन करण्याची, म्हणजे आपले म्हणणे लेखी मांडण्याची, संधी दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. लष्कर वगळता सर्व शासकीय सेवा आणि वैधानिक संस्थांना हे तत्त्व लागू केल्यामुळे विद्यापीठेही त्याच्या कक्षेत आली. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. केंद्र सरकारने १४ मे २००९ च्या आदेशाने २००८-०९ पासूनचा संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याची आणि त्यावर १५ दिवसांत म्हणणे मांडू देण्याची पद्धत घातली. महाराष्ट्रातही २०११ मध्ये या विषयावरील सूचना नव्याने काढण्यात आल्या.

याचा परिणाम अभिप्राय देणाऱ्यावर झाला, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. पूर्वी सहकाऱ्याने सांगितलेली गोष्ट अहवालात शब्दशः उतरली तरी ती संबंधिताच्या नजरेस पडत नसे. आता पडते. अहवाल उघडा झाला तेव्हा गोपनीय उरला तो फक्त सांगणारा, आणि त्याला झाकायची जबाबदारी एकट्या प्रतिवेदन अधिकाऱ्यावर आली.

माहिती अधिकाराच्या अंगानेही हेच दिसते. स्वतःचा सीआर मागता येतो. दुसऱ्याचा सीआर ही वैयक्तिक माहिती ठरते. गिरीश देशपांडे प्रकरणात ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याची सेवाविषयक कामगिरी हा मुख्यतः तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यातला मामला मानला. मत देणाऱ्यांच्या नावांबाबत जवळचा दाखला बिहार लोकसेवा आयोगाच्या खटल्याचा आहे. मुलाखत मंडळातील सदस्यांची नावे-पत्ते द्यायला नकोत, असे न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये म्हटले. कारण व्यवहार्य होते : नाव फुटले तर सदस्याच्या जिवाला वा शरीराला धोका संभवतो. पण अभिप्रायाची लेखी टिपणे फायलीत लावली, तर ती दप्तराचा भाग होतात आणि मागणी आल्यावर कोणता भाग झाकायचा हे माहिती अधिकाऱ्याला ठरवावे लागते. काय लिहून ठेवायचे हे आधीच ठरवलेले बरे.

आता छोट्या कार्यालयाची गोष्ट. समजा, एका फळ संशोधन केंद्रावर दोन शास्त्रज्ञ, एक कृषी सहायक, एक लिपिक, एक वाहनचालक आणि काही मजूर आहेत. लिपिकाविषयीच्या अभिप्रायात कुणी लिहिले, ‘जूनमध्ये कलमांच्या पावत्या वेळेवर फाडल्या जात नाहीत, बागायतदार दारात ताटकळतात.’ नाव काढून टाकले तरी काय उपयोग? रोपवाटिकेचा हिशेब बघणारा सहायक एकच. लिपिक दुसरे वाक्य वाचायच्या आत ओळखतो. किंवा दापोलीत सगळ्यांनी प्रमाण मराठीत फॉर्म भरले आणि एकाने लिहिले, ‘माणूस बरो, पण फायल काय हलना नाय.’ कुडाळकडून बदलून आलेला तिथे एकच असला, तर त्याने सही केली नाही एवढेच. गणपतीच्या रजेवरून झालेली कुरबुर, भातलावणीच्या दिवसांत गाडी न मिळाल्याची तक्रार, कॉलेजच्या गॅदरिंगच्या खर्चाचा मुद्दा : कोणाला काय लागले होते हे अख्ख्या कार्यालयाला माहीत असते. शिवाय माणसे एकाच गावची, कधी भावकीतली, कधी सोयरीक झालेली. शहरातल्या मोठ्या संस्थेत नाव झाकले की काम भागते. इथे तपशील झाकावा लागतो.

म्हणून जाणते अधिकारी काही पथ्ये पाळतात. पहिले असे की, अभिप्रायातले वाक्य जसेच्या तसे कधीच पुढे द्यायचे नाही. चार-पाच जणांकडून आलेल्या मतांत जे सूत्र वारंवार दिसते तेवढेच अधिकाऱ्याने स्वतःच्या भाषेत मांडायचे. छापील प्रश्नावलीत पाचांहून कमी उत्तरे आली तर त्या गटाचा वेगळा निष्कर्ष न काढता ती मोठ्या गटात मिसळण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी असतो. छोट्या केंद्रांवर त्यासाठी दोन-तीन केंद्रे एकत्र धरण्यावाचून इलाज नाही. दुसरे पथ्य जास्त महत्त्वाचे. अभिप्राय हा पुरावा नव्हे, कुठे पाहायचे याचा तो इशारा आहे. पावत्या उशिरा फाडल्या जातात असे कळले, तर अधिकाऱ्याने पावती पुस्तक मागवावे, मागणी अर्जांवरच्या तारखा आणि पावत्यांच्या तारखा ताडून पाहाव्यात. उशीर खरा निघाला तर अहवालात दप्तराचा हवाला देता येतो आणि सांगणाऱ्याचा प्रश्नच उरत नाही. खरा निघाला नाही तर ती गोष्ट तिथेच संपते. ‘सहकाऱ्यांशी पटत नाही असे समजते’ ही सीआरमधली नेहमीची ओळ या कसोटीला उतरत नाही. कोणाला समजते, कशावरून, असे अभिवेदनात विचारले गेले की लिहिणाऱ्याकडे उत्तर नसते आणि शेरा काढून टाकावा लागण्याची पाळी येते.

तिसरी गोष्ट वेळेची. मे महिन्यात कळलेली उणीव पुढच्या मार्चपर्यंत मनात साठवून एकदम अहवालात ओतणे अन्यायाचे आहे. तोंडी समज, मग लेखी समज, सुधारायला अवधी आणि त्यानंतर नोंद, हा क्रम नियमांच्या रोखाशी जुळणारा आणि साध्या माणुसकीचाही. समोर बसलेल्या कर्मचाऱ्याने ‘हे तुम्हाला कोणी सांगितले, साहेब?’ असे विचारले, आणि तो विचारतोच, तर ‘मी बोलतोय ते मी पाहिलेल्या रजिस्टरवरून’ हे उत्तर खरे असले पाहिजे. खोटे बोलून नाव लपवणे टिकत नाही. हसून विषय बदलणे तर त्याहून वाईट, कारण त्यावरून तर्क सुरू होतात आणि संशयाचे माप भलत्याच्याच पदरात पडते.

भरवसा देतानाही मर्यादा सांगावी लागते. ‘तुमचे नाव माझ्याजवळच राहील’ असे कोणत्याही गोष्टीबाबत सरसकट म्हणता येत नाही. अभिप्रायात लैंगिक छळाचा उल्लेख आला तर २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची त्यावरची विनियमावली लागू होते. अंतर्गत समितीपुढे लेखी तक्रार पीडितेने, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत, करायची असते. मूल्यमापनाच्या फॉर्ममधले वाक्य म्हणजे तशी तक्रार नव्हे. तरी अधिकाऱ्याने ते प्रतवारीत मुरवून टाकणे गैर. समितीची वाट आणि मुदत त्याने संबंधित व्यक्तीला ताबडतोब सांगितली पाहिजे. पुढे चौकशीतली गुप्तता त्याच कायद्याच्या कलम १६ ने बांधलेली असते. पैशांच्या अफरातफरीचेही तसेच. तो चौकशीचा विषय आहे आणि सीआरमधून शिक्षा करता येत नाही. सही नसलेल्या पत्रांवर नुसत्या पत्राच्या आधारे कारवाई करू नये हा कार्यालयीन दंडक जुना आहे; कोकणात अशी पत्रे पुष्कळ येतात, आणि पत्रापेक्षा ते कोणाचे यावरच जास्त वेळ जातो.

शिक्षकांच्या बाबतीत विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचा वेगळा प्रवाह आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी गुणांकाची ‘एपीआय’ पद्धत आणली होती. १८ जुलै २०१८ च्या विनियमांनी पदोन्नतीसाठीची प्रतवारी सोपी केली : नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के किंवा अधिक घेतल्या तर ‘चांगला’, ७० ते ८० टक्क्यांत ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’, जोडीला विद्यार्थी व महाविद्यालयाच्या उपक्रमांतला सहभाग. विद्यार्थ्यांचे मत महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाकडे, म्हणजे ‘आयक्यूएसी’कडे जमा होते, नॅकच्या (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिमान्यता परिषदेच्या) मूल्यांकनात तर विद्यार्थ्यांकडून थेट ऑनलाइन समाधान-सर्वेक्षणही करून घेतले जाते. सावंतवाडी किंवा चिपळूणच्या एखाद्या महाविद्यालयात तृतीय वर्षाच्या मराठी विशेषाच्या वर्गात सहा-सात विद्यार्थी असले, तर तिथेही वर सांगितलेलीच अडचण. त्यातून मार्ग म्हणजे निकाल लागून गुणपत्रके हाती आल्यावरच शिक्षकाला अभिप्राय दाखवणे. काही विभाग ते पाळतात, काही नॅकची समिती येणार म्हटले की एका दुपारी सगळे फॉर्म भरून घेतात.

फॉर्म ऑनलाइन झाल्यावर हस्ताक्षराची अडचण मिटली, पण दुसरी उभी राहिली. गुगल फॉर्म बनवताना ईमेल गोळा करण्याचा पर्याय चालू राहिला तर नाव आपसूक नोंदले जाते. तो बंद केला तरी प्रत्येक उत्तरापुढे वेळ पडते, आणि ऑफिसातला एकच संगणक कोण किती वाजता वापरत होते हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे फॉर्म केंद्राबाहेरच्या, शक्यतो मुख्यालयातल्या अधिकाऱ्याच्या खात्यातून निघावा, उत्तरे त्याच्याकडेच जावीत आणि केंद्रप्रमुखाला वेळेचा रकाना काढून टाकलेला गोषवाराच मिळावा, असे ठेवणे सोयीचे पडते. मूळ उत्तरे अभिवेदनाची मुदत आणि त्यावरचा निर्णय होईपर्यंत ठेवून पुढे दप्तर नष्ट करण्याच्या नियमांनुसार काढून टाकायची, हे फॉर्मच्या माथ्यावरच छापलेले असावे. म्हणजे भरणाऱ्याला आपण लिहिलेले कोठे जाते आणि किती दिवस राहते ते आधीच कळते.