खालचं पाणी वर येतं तेव्हा

समुद्रात उजेड वरच्या थरात असतो आणि पोषकद्रव्यं खाली, अंधारात. वरचे सूक्ष्म वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी शैवालं, नायट्रेट, फॉस्फेट ही पोषकद्रव्यं वापरून संपवतात. ते मेले किंवा कुणी खाल्ले, की त्यांचे अवशेष आणि खाणाऱ्यांची विष्ठा खाली बुडते, कुजते आणि त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस तिथेच साठतं. ते सहजी वर येत नाही, कारण वरचं पाणी उबदार आणि हलकं असल्यानं त्याचं झाकणच बसलेलं असतं.

किनाऱ्याजवळ हे झाकण वारा बाजूला सारतो. गंमत म्हणजे त्यासाठी त्यानं किनाऱ्याला समांतर वाहावं लागतं. आर्क्टिकमधला बर्फ वाऱ्याच्या दिशेनं न जाता तिच्या उजवीकडे सरकतो, हे नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांनी पाहिलं होतं. स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमान यांनी १९०५ मध्ये त्यामागचं गणित मांडलं: पृथ्वीच्या परिवलनामुळे वरच्या थराचं पाणी एकूणात वाऱ्याशी काटकोनात वाहतं, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. कॅलिफोर्नियाला वसंत-उन्हाळ्यात उत्तरेचा वारा लागतो. सोमालियाला नैऋत्य मोसमी. दोन्हीकडे वरचं पाणी किनारा सोडून खोल समुद्राकडे जातं आणि त्याची जागा खालचं थंड पाणी घेतं. वर चढण्याचा वेग साधारण दिवसाला काही मीटर, पण ऐन मोसमात सोमालियाजवळ, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, पाणी काही ठिकाणी २० अंश सेल्सिअसच्याही खाली जातं.

या पाण्यावर आधी तुटून पडतात ते डायटम. सिलिकाच्या पारदर्शक कवचातली ही एकपेशीय शैवालं, म्हणून त्यांना सिलिकेटही लागतं. परिस्थिती जुळली तर एका दिवसात एकाची दोन होतात. वारा मात्र सतत जोरात राहिला तर तीच समुद्रात दूर वाहून जातात. अधूनमधून तो पडलेलाच बरा.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. पाणी वर आलं म्हणजे पोषकद्रव्यं आलीच असं नाही. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या काळात दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर वारा वाहत असतो, पाणीही चढतं. पण उबदार थर एवढा जाड झालेला असतो, की वर येतं तेही उबदार, पोषणहीन पाणीच. १९७२-७३ च्या एल निनोत तिथली अँकोव्ही या छोट्या माशाची प्रचंड मासेमारी कोसळली. आधीच्या बेसुमार पकडीचाही त्यात वाटा होता.

आणि पाणी खोलातून आलं तरी त्यात ऑक्सिजन कमी असतो, कारण कुजण्यात तो खर्च झालेला असतो. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्याजवळ असंच पाणी उथळ भागात पसरलं आणि तळाशी मासे व खेकडे गुदमरून मेले.