चित्रात बैल कुठे आहे?

गेल्या महिन्यात सातवीतल्या भाचीला घेऊन बडोद्यातल्या एका कलादालनात गेलो होतो. तिथे शाळकरी मुलांसाठी वेगळी खोली केली आहे, असं कानावर आलं होतं. खोली मनापासून सजवलेली होती. पिवळ्याधमक भिंती, रंगीत स्टुलं, मोठा टीव्ही, चकचकीत फरशी आणि वर चांगलं पंधरा-सोळा फूट उंच छत. वीसेक मुलं होती. एक उत्साही ताई मराठी, हिंदी, गुजराती मिसळून चित्र समजावून सांगत होती. भाची मागे उभी होती. थोड्या वेळाने तिने माझी बाही ओढली. "मामा, चित्रात बैल कुठे आहे?"

ताई म्हणाली होती, "हे तैलचित्र आहे." मागच्या रांगेत पोचलं ते "बैलचित्र". पोरगी पाच मिनिटं चित्रात बैल शोधत होती.

पुढे व्हायचं तेच झालं. मागच्यांना ऐकू येईना, ती आपसात बोलू लागली, ताईने आवाज चढवला, मुलांनीही चढवला. शेवटी रखवालदार आला आणि "शांतता राखा"च्या पाटीकडे बोट दाखवून गेला. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, ही गोष्ट फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी 1911 मध्ये नोंदवली आहे. तो शिस्तीचा प्रश्न नाही. मुलांनी चित्रांवर बोलावं म्हणून खोली करायची आणि तिथे बोललेलं ऐकूच येऊ नये, हा दोष त्या खोलीचा आहे.

मुलं गेल्यावर मी मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. ती विरायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला.

याला प्रतिध्वनी म्हणू नका. शाळेत शिकलेलं आठवून पाहा: प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत निदान 17 मीटर दूर हवी. विजापूरच्या गोलघुमटात तो मिळतो. लहान खोलीत परत येणारे आवाज एकमेकांत मिसळून जातात आणि मूळ आवाजाला लांब शेपूट फुटतं. हा निनाद.

समजा, खोली 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद, 5 मीटर उंच आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो, म्हणजे अशा खोलीत तो एका सेकंदात भिंती, छत आणि फरशी यांच्यावर जवळजवळ 70 वेळा आपटतो. गिलावा किंवा फरशी दर धडकेला त्याची जेमतेम 3 टक्के ऊर्जा खाते. हिशेब केला तर पूर्ण सेकंदानंतरही 12 टक्के ऊर्जा खोलीत फिरतच असते. तेवढ्यात ताई पुढचं वाक्य बोलून मोकळी झालेली असते.

आता "हे तैलचित्र" घ्या. "हे"मधला ए हा स्वर दमदार असतो, त्याची ऊर्जा मोठी. "त" म्हणजे जिभेने दातांमागे केलेला क्षणभराचा स्फोट, उंच पट्टीचा आणि अशक्त. "ए"चं शेपूट त्याच्यावरून पसरतं आणि तो बुडतो. उरतं "ऐल", मग सुरुवातीचं हरवलेलं अक्षर मेंदू अंदाजाने भरतो. घरची भाषा नसेल तर हा अंदाज जास्त चुकतो. आपल्या बडोद्यात घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाचे तर हालच.

हे कोडं ज्याने सोडवलं, त्यालाही ते एका कलासंग्रहालयातच पडलं होतं, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. 1895 साली हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह बांधून तयार झालं आणि तिथे कोणाचंच बोलणं कळेना. शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे काम आलं. तो रात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि हातात घड्याळ धरून आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजी. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून सूत्र निघालं: निनादकाल म्हणजे 0.161 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. निनादकाल म्हणजे आवाजाची ऊर्जा मूळच्या दहा लाखाव्या भागाइतकी व्हायला लागणारा वेळ. उघडी खिडकी आवाज परत पाठवतच नाही, म्हणून तिच्या दर चौरस मीटरचं शोषण 1 धरतात. गिलाव्याचं सुमारे 0.03.

आपल्या खोलीचं घनफळ 480 घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून 392 चौरस मीटर, त्याला 0.03 ने गुणलं की एकूण शोषण जेमतेम 12. निनादकाल येतो साडेसहा सेकंद. वीस मुलं आत आली की त्यांच्या कपड्यांनी आणि अंगांनी तो पावणेचारावर उतरतो. बोलणं स्वच्छ कळायला एक सेकंदाच्या आत हवा. लहान वर्गखोल्यांसाठी अमेरिकी मानक 0.6 सेकंद सांगतं.

गादी आवाज खाते कशी? आवाज म्हणजे हवेच्या कणांची मागे-पुढे धाव. कापसाच्या तंतूंतून धावताना ते घासतात आणि आवाजाची किंचित उष्णता होते. पण भिंतीला अगदी चिकटून हवेचे कण हलूच शकत नाहीत. तिथे दाब जास्तीत जास्त, वेग शून्य. वेग सर्वात जास्त असतो भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. 500 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी 68 सेंटिमीटर, तिचा पाव भाग 17. म्हणून भिंतीला चिकटवलेला पातळ गालिचा फक्त उंच पट्टीचे आवाज खातो, खालचे जसेच्या तसे परततात. खोली मग नुसती घुमत राहते. जाड पडदा चुण्या घालून भिंतीपासून वीतभर पुढे टांगला की तेच कापड कितीतरी जास्त काम करतं. जाडी आणि मागची मोकळी जागा, सगळी करामत या दोन गोष्टींत आहे.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून हे साधत नाही. पातळ पुठ्ठा थोडा उंच आवाज खातो, बाकी काही नाही, आणि पेट घ्यायला तो सगळ्यांत पुढे. खोलीतला "दोष" घालवायला ईशान्येला पिरॅमिड ठेवायला सांगणारेही भेटतात. सॅबिनच्या सूत्रात दिशेला जागाच नाही. सार्वजनिक पैसा त्यावर घालवणं चुकीचं आहे, आणि मुलांसाठीचा पैसा तर मुळीच घालवू नये.

जुन्या इमारतीत हे सगळं जपून करावं लागतं. आपल्या कमाटीबागेतलं संग्रहालय 1894 सालचं. देवमाशाचा सांगाडा पाहायला आम्ही लहानपणी तिथेच जायचो. अशा वास्तूंच्या छतात खिळे ठोकायचे नसतात. स्वतंत्र चौकटीवर खनिज लोकरीचे, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचे, जाड तक्ते आडवे धरले, तर छताला हातही लागत नाही. आपल्या खोलीचं छत असं झाकलं की मुलांसकट निनादकाल 0.8 सेकंदावर येतो. कापूस-लोकर मात्र चित्रांच्या शेजारी बेतानेच आणावी. धूळ साचते, कसर लागते, ती पुढे कॅनव्हासपर्यंत पोचते. खोळी काढून धुता येतील अशा हव्यात आणि कापड आग न पकडणारं.

दांडिया बाजारातलं आमचं घर सध्या रंगवायला काढलं आहे, माडी रिकामी आहे. तिथे भाचीला एका कोपऱ्यात वही देऊन बसवलं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाठ करून हळू आवाजात शब्द वाचले: तैल, बैल, मैल, शैल, पाट, ताट, काठ. सातांपैकी तीन चुकले. मग घरातल्या सगळ्या गाद्या आणि लोड आणून भिंतींना उभे टेकवले आणि तेच शब्द उलटसुलट क्रमाने वाचले. एक चुकला, "शैल", कारण तो तिला माहीतच नव्हता.

आता तिचंच म्हणणं आहे की मंडपवाल्याकडे बैठकीच्या गाद्या भाड्याने मिळतात, त्या एका रविवारी कलादालनात नेऊ. पंधरा गाद्यांनी त्या खोलीचं सगळं भागणार नाही. माझ्या हिशेबाने पावणेचार सेकंदांचे सव्वादोन होतील. पण कानाला फरक कळेल. कलादालनाला पत्र लिहिलं आहे: पंधरा गाद्या, एक दिवस, भाडं आमचं. शब्दांची यादी भाचीने पत्रासोबत जोडली आहे.