अभ्यास घेणे आणि अभ्यासाची घडी बसवणे

‘मी रोज त्याचा अभ्यास घेते, तरी तो आपणहून बसत नाही,’ ही तक्रार पालकसभेत हमखास ऐकू येते. तक्रार खरी असते आणि तिच्यामागचे कष्टही खरे असतात, पण दोन वेगळ्या कामांची तिच्यात गल्लत झालेली असते. अभ्यास घेणे म्हणजे मुलाशेजारी बसून, प्रश्न वाचून दाखवून, चूक दिसताच सांगून त्या दिवशीचा गृहपाठ पुरा करवून घेणे. घडी बसवणे म्हणजे अभ्यासाची वेळ, जागा, सुरुवात आणि शेवट ठरवून देणे आणि मधले काम मुलाच्या हाती सोपवणे. लांबून पाहता दोन्ही सारखीच वाटतात, कारण दोन्हींत टीव्ही बंद होतो, दप्तर उघडते आणि घरातले मोठे माणूस इतर कामे बाजूला ठेवते. मात्र पहिल्याने गृहपाठ होतो आणि दुसऱ्याने सवय लागते. पहिले वर्षानुवर्षे केले तरी त्यातून दुसरे आपोआप निघत नाही.

हा फरक एका गणितात स्पष्ट दिसतो. चौथीतल्या एका मुलीने ५०२ वजा २७८ याचे उत्तर ३७६ लिहिले, असे समजू. तिने प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: ८ मधून २, ७ मधून ० आणि ५ मधून २. अभ्यास घेणारे पालक लगेच म्हणतात, ‘अगं, २ मधून ८ कसे जातील? दशकाच्या घरात शून्य आहे, म्हणून शतकाकडे जा, इथे ९ लिही.’ वहीत २२४ हे बरोबर उत्तर उतरते, दुसऱ्या दिवशी बाईंची बरोबरची खूणही मिळते, आणि मुलीला शतक सुटे करणे समजलेले नाही ही गोष्ट बाईंना कळतच नाही. घडी बसवणारे पालक तिला एवढेच सांगतात, ‘तुझे उत्तर आणि २७८ यांची बेरीज करून बघ.’ बेरीज ६५४ येते. ती ५०२ यायला हवी होती, हे तिचे तिलाच दिसते आणि ती पुन्हा गणिताकडे वळते. दुसऱ्या खेपेलाही जमले नाही, तर शेजारी पेन्सिलीने खूण करून ते गणित तसेच शाळेत जाऊ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकलेले गणित शिक्षकांना जेवढे सांगते, तेवढे घरी दुरुस्त झालेले गणित सांगू शकत नाही.

गृहपाठातील पालकांच्या सहभागावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा पॅटॉल, कूपर आणि रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केला. सहभागाच्या निरनिराळ्या प्रकारांपैकी गृहपाठाचे नियम ठरवून देणे या प्रकाराचा मुलांच्या प्रगतीशी ठळक अनुकूल संबंध त्यांना दिसला. पुढच्या वर्षी हिल आणि टायसन यांनी साधारण सहावी ते आठवीच्या वयोगटातील मुलांविषयी असाच आढावा घेतला, तेव्हा गृहपाठात थेट मदत करण्याचा तसा भरवशाचा फायदा आढळला नाही. यावरून मदत घातकच असते असे मात्र म्हणता येत नाही, कारण जी मुले मुळात मागे पडलेली असतात, त्यांचाच अभ्यास घरी जास्त घेतला जातो.

नुसत्या जागेचे आणि वेळेचे मोल किती असते, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण अभ्यासिकेत दरमहा पैसे भरून एक खुर्ची आणि एक टेबल मिळवतात. तिथे त्यांचा अभ्यास कोणी घेत नाही. ठरलेली जागा, आजूबाजूची शांतता आणि रोजची वेळ एवढेच त्यांना हवे असते. दोन खोल्यांच्या घरातही जेवणाच्या टेबलाचे एक टोक किंवा भिंतीलगतची एक चटई हे काम करू शकते. अट इतकीच की ती जागा रोज तीच असावी आणि त्या वेळात घरातल्या मोठ्यांचे मोबाईलही बाजूला असावेत. वेळ शाळेप्रमाणे ठरते. सकाळच्या शाळेतून आलेल्या मुलाला जेवण आणि थोडी विश्रांती झाल्यावर बसवता येते, पण आई-वडील हिंजवडीहून आठ वाजता परतेपर्यंत गृहपाठ थांबवून ठेवला, तर पेंगुळलेले मूल आणि दमलेले पालक समोरासमोर येतात आणि अभ्यास घेण्यावाचून पर्याय उरत नाही. अशा घरात आजी-आजोबांनी फक्त सुरुवात करून दिली, तरी पुष्कळ झाले.

शेवट ठरवणेही तितकेच आवश्यक आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास आणि त्यापुढे रोज दोन तास इतकाच असावा. तिसरीतले मूल रोज रात्री दोन तास वहीला चिकटून बसत असेल, तर त्याला आणखी बसवण्याआधी शिक्षकांशी बोलणे योग्य ठरते.

मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते मुलांना इंग्रजी माध्यमात घालणाऱ्या, पण स्वतः मराठी माध्यमात शिकलेल्या आईवडिलांना. अभ्यास घेता येत नाही म्हणून आपण मुलासाठी काहीच करू शकत नाही, असे समजून ते पहिलीपासूनच शिकवणी लावतात. घडी बसवायला इंग्रजी यावे लागत नाही. ‘आज काय काय दिले आहे, आधी कोणते करणार, कोणते अवघड वाटते?’ हे मराठीतून विचारता येते, आणि धडा काय होता हे मुलाने मराठीतून सांगितले, तर त्याला तो कितपत समजला हेही कळते.

अभ्यास घेण्याला अर्थात त्याची जागा आहेच. नुकते वाचायला लागलेले मूल, पाढ्यांचे पाठांतर, आजारपणात बुडलेला धडा, किंवा अध्ययन अक्षमता असलेले मूल, अशा वेळी शेजारी बसावेच लागते. एरवी हळूहळू दूर व्हावे: आधी शेजारी बसून स्वतःचे काही वाचावे, काही आठवड्यांनी त्याच खोलीत दुसरे काम करावे, मग स्वयंपाकघरातून अधूनमधून विचारावे. या काळात वही पूर्वीपेक्षा गबाळी दिसेल आणि शेरेही येतील. म्हणून आधीच डायरीत शिक्षकांना दोन ओळी लिहून कळवावे की यापुढे गृहपाठ मूल स्वतः करणार आहे, चुका तशाच ठेवल्या जातील आणि अर्धा तास प्रयत्न करूनही जे जमले नाही, त्यावर खूण केलेली असेल.